एका तारखेच्या दोघी

पेन्शनच्या कागदांना शाळेच्या दाखल्याची नवी प्रत जोडायची होती, म्हणून संक्रांत झाल्यावर एका दुपारी मी माझ्या पहिल्या शाळेत गेले. सोलापुरातल्या सात रस्ता चौकावरून माझं रोजचं येणंजाणं. ऑफिस तिथून चार पावलांवर. पण बाजूच्या त्या बोळात शिरायला इतक्या वर्षांत निमित्तच मिळालं नव्हतं. आम्ही शिकलो तेव्हा खाली शहाबादी फरशी आणि वर पत्रे होते. आता स्लॅब आहे, भिंतींवर फळांची आणि प्राण्यांची चित्रं आहेत, आणि मधल्या सुट्टीतल्या खिचडीचा वास सगळ्या खोल्यांतून भरून राहिलेला. चांगलाच वास तो, पण माझ्या ओळखीचा नव्हे. खडूची भुकटी, ओली पाटी आणि बसून बसून तापलेली तरटपट्टी यांचा मिळून एक वास असायचा, तो मी उगीच दारात उभी राहून शोधत होते.

शाळेच्या ऑफिसातल्या मॅडमनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडेनं तपकिरी झालेल्या पानावर त्यांचं बोट वरून खाली फिरत गेलं आणि एका जागी थांबलं. एकाखाली एक दोन ओळी. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, जन्मतारीख एक. वरच्या ओळीत मी आणि खालच्या ओळीत पार्वती.

"जुळ्या का हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. हे उत्तर मी इतक्या वर्षांपासून देत आलेय की ते देताना आता जीभ अडखळत नाही.

पार्वती म्हणजे आमची पारू. ती माझ्याहून पावणेचार वर्षांनी मोठी.

आमची माणसं सांगोल्याकडच्या माळावरची, मेंढरं राखणारी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं थोरल्या भावाच्या हवाली केली आणि सोलापुरात सात रस्त्याच्या मागे एका साहेबाच्या बंगल्यावर ते माळीकामाला लागले. मी तेव्हा अंगावर पिणारी होते. आई मला घेऊन आबांबरोबर आली. पारू मात्र चुलत्यांच्या घरी राहिली. बंगल्याच्या पाठीमागे आम्हाला एक खोली होती. सकाळी मेंदीच्या कुंपणाला कात्री लागली की हिरवा कडवट वास यायचा, संध्याकाळी पाइपाचं पाणी तापल्या मातीवर पडलं की दुसरा. दूरवर गिरणीचा भोंगा व्हायचा आणि आई त्यासरशी चुलीवरची भाकरी उलटायची.

पारू आमच्याकडे आली तेव्हा साडेआठ वर्षांची होती. कोकरांना पाणी पाजणं, चुलत्यांची लहान पोरं सांभाळणं, शेण गोळा करणं, ही तिची तोवरची शाळा. अंगानं काटकुळी, उंचीला बेताची. दारात आली ती डावी कंबर एका बाजूला काढून उभी राहिली, कमरेवर पोर नसतानाही. आईनं ते पाहिलं आणि पदर डोळ्याला लावून ती आत गेली. मला कळलं नाही. मला वाटलं, हिची कंबर तशीच आहे.

शाळेचं नाव काढलं की पारू कोपऱ्यात जाऊन बसायची. "मी न्हाय जायची. एकली न्हाय जायची." वयानं तिसरीतली पोर पहिलीत बसवली तर मुलं हसतील, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं स्वतःच ओळखलं होतं. मग आईनं एक तोड काढली. मी होते पावणेपाच वर्षांची, पण हाडापेरानं थोराड. पारू साडेआठची, पण लहानखुरी. आईनं आम्हाला भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी उभं केलं, दोघींच्या डोक्यांवर तळहात ठेवला आणि आबांना म्हणाली, "बघा की. चार बोटांचा तर फरक हाय."

आबांनी आमच्या डोक्यांवर आपलाही तळहात ठेवून पाहिला. "खोटं पचल का?"

"पचवायचं," आई म्हणाली.

तिथून महिनाभर आमची तालीम चालली. मला मोठं व्हायचं होतं आणि पारूला लहान. मी रडायचं नाही, नाक बाहीला पुसायचं नाही, वीसपर्यंत आकडे न अडखळता म्हणायचे. पारूनं भाकरी थापायच्या गोष्टी करायच्या नाहीत, बायांसारखा हात कमरेवर ठेवायचा नाही, कुणाचं बाळ दिसलं की उचलून घ्यायचं नाही.

"आनि शाळंत हिला आक्का म्हनायचं न्हाय," आई मला म्हणाली. "पारू म्हनायचं."

"का?"

"तू आता तिच्याएवढी झालीस."

"कधी?"

"सोमवारपासनं."

सगळ्यात अवघड होता कान. त्या काळी जन्माचा कागद कुणाकडे नसायचा. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की ते सहा वर्षांचं झालं असं धरायचे. आई रोज तेल लावून माझे केस चापूनचोपून बसवायची, म्हणजे डोकं तेवढंच बारीक होईल. मी हात ताणायची, मान कलती करायची, बोटाचं टोक कानाच्या वरच्या पाळीला लागल्यासारखं व्हायचं आणि सुटायचं. पारू समोर बसून सांगायची, "अजून थोडं. अजून. लागलं बग." लागलेलं नसायचं.

शाळेच्या मोठ्या बाई पांढऱ्या नऊवारीत असायच्या. आवाज हळू, पण एकदा बोललं की संपलं. आबा टोपी हातात धरून उभे. बाईंनी आधी पारूला हात न्यायला सांगितलं. तिचा हात कान ओलांडून गालापर्यंत आला. मग मी. मी सगळा जीव बोटात आणला आणि मान कलती केली.

"मान सरळ ठेव बाळ."

सरळ मानेनं माझं बोट हवेतच राहिलं. बाईंनी ते पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. मग त्यांची नजर पारूवर गेली. पारू श्वास रोखून, ओठ घट्ट मिटून उभी होती. तिनं दोन्ही मुठींत परकर धरून ठेवला होता.

"जुळ्या म्हणालात ना?" बाईंनी आबांना विचारलं.

"व्हय बाई."

"तोंडावळा वेगळा आहे."

"एक माज्यावर गेली, एक आईवर."

"आधी कोण झाली?"

हे मात्र घरात ठरवायचं राहून गेलं होतं. आबा आईकडे बघायला वळले, पण आई बाहेर झाडाखाली उभी होती. महिनाभर मला एकच शिकवलेलं होतं, मोठ्यासारखं बोलायचं. म्हणून मी बोलले.

"मी."

बाईंनी टाकाची निब दौतीत बुडवली. तारीख विचारलीच नाही. एक जून लिहिली, जशी त्या काळी सगळ्यांचीच लिहायचे. आमच्या वयाच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस अजून त्याच दिवशी येतो. खरं तर पारू दिवाळीनंतर मेंढरं बाहेर निघतात त्या दिवसांतली आणि मी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. तेही आई सांगायची म्हणून.

आज शाळेतल्या पहिल्या साडेतीन वर्षांकडे बघते तेव्हा वाटतं, आम्ही दोघी दिवसातून दोनदा वय बदलत होतो. घरून निघताना पारू माझं बोट धरायची. बंगल्याचं फाटक ओलांडलं, की मी तिचं बोट धरायची. टांग्यांची घोडी, सायकली, मधेच एखादी मोटार, सगळं चुकवत मी तिला रस्ता पार करून न्यायची. दोघींच्या पाट्या माझ्या पिशवीत. शाळेत कुणी तिला ढकललं तर मी पुढे व्हायची. पहिल्या दिवशी घंटा झाली आणि मला रडू आलं, तेव्हा मी माझी मांडी इतक्या जोरात चिमटली की चार दिवस तिथं निळं होतं. पण रडले नाही. मी मोठी होते.

पारूला लहान होणं जड गेलं. पहिले काही दिवस ती वर्गात पोरांची नाकं पुसत फिरायची. कुणी लंगडत आला तर त्याचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायची. मधल्या सुट्टीत सगळी मैदानात जायची आणि ही पाण्याच्या रांजणापाशी उभी राहून प्रत्येकाला ओगराळ्यानं पाणी द्यायची. एकदा मोठ्या बाई तिच्या जवळ आल्या. ओगराळं तिच्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "पारू, तू खेळ."

"काय खेळू?"

बाईंनी मैदानाकडे बोट दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "ते खेळतात ते."

आणि पारू खेळायला शिकली. आधी उगीच इतरांच्या मागे धावायची, का धावतोय ते न कळता. मग कधीतरी लपंडावात राज्य आलं तेव्हा ती खदखदून हसली. मी तिला तसं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं. पावसाळा सरेपर्यंत ती चिंचेच्या आकड्यासाठी भांडायला लागली, रुसायला लागली, पाटी फुटली म्हणून पाय आपटून रडायला लागली. दिवाळीच्या आसपास एक दिवस आई मला म्हणाली, "बग, उबी कशी ऱ्हाती आता." पारू कुंपणापाशी उभी होती, दोन्ही पायांवर, सरळ.

माझं मात्र घरी आल्यावर उलटं व्हायचं. दिवसभर धरून ठेवलेलं मोठेपण उंबऱ्यातच गळायचं. मी आईच्या मांडीवर जाऊन बसायची, अंगठा तोंडात घालायची, भरवल्याशिवाय जेवायची नाही. आबा हसायचे. "शाळंतली थोरली ती हीच का?" पारू मला भरवायची. कडक भाकरीचा तुकडा ती ताकात भिजवायची, मऊ होईपर्यंत बोटानं दाबत राहायची, वर शेंगाचटणीची चिमूट टाकायची. तो आंबट तिखट घास आणि तिच्या बोटांना येणारा पाटीच्या पेन्सिलीचा वास, दोन्ही एकदमच आठवतात.

एकदा आम्ही पकडल्या जाणार होतो, ते दातांमुळे. दुसरीत सगळ्यांचे पुढचे दात पडत होते. आमच्या वर्गात पद्मा नावाची मुलगी होती, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिला प्रत्येकाच्या तोंडात डोकावायचा नाद. मी तेव्हा जेमतेम सहाची, माझा एक दात हलायचं नाव घेईना. आणि पारूचे पुढचे चारही पडून नवे, करवतीच्या कडेचे आलेले.

"तुझा एकपण पडला नाय?" पद्मानं मला विचारलं. वर्ग गोळा झाला. माझं मोठेपण तोंडातच अडकलं. तेव्हा पारू माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हिचे पडले आनि आलेसुदा. माजे पन. लई लवकर पडले."

पद्मानं दोघींचे दात निरखून पाहिले. "दोघींचे एकदमच पडले?"

"व्हय."

"मग बराबर आहे. जुळ्यांचं तसंच असतं," पद्मानं निकाल दिला आणि ती पुढच्या तोंडाकडे वळली.

चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. चित्रकलेचा तास संपला, घंटा झाली, मुलं बाहेर पळाली. पारू तरटपट्टीवरून उठेना. मी म्हटलं, चल. ती मान हलवत राहिली. तिचा चेहरा मी बघितला. तो पोरीचा चेहरा नव्हता. चुलत्यांच्या घरून आली त्या दिवशीचा होता.

"मोठ्या बाईस्नी बोलाव," ती म्हणाली. "पळ. कुनाला सांगू नगो."

ती उठायला गेली आणि तिच्या परकराला मागे लागलेलं मला दिसलं. मला काय कळणार, मी जेमतेम आठ वर्षांची होते. मला वाटलं पारूला कुठंतरी लागलंय, ती मरणार. मी बाईंच्या खोलीत धावत गेले आणि सगळी शिकवण विसरून ओरडले, "बाई, आमच्या आक्काला रगत आलंय."

बाई उठल्या. खुर्चीच्या पाठीवरची शाल त्यांनी घेतली. वर्गात येऊन ती पारूच्या कमरेभोवती गुंडाळली आणि तिला आपल्या खोलीत नेऊन बसवलं. मला आईला बोलवायला पाठवायच्या आधी त्यांनी पारूला विचारलं, "किती वर्षांची झालीस गं, खरी?"

"बारा," पारू म्हणाली.

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "बरं. शाळेत तू दहाची आहेस. ते विसरायचं नाही."

दहा-बारा दिवसांत गावाकडून थोरले चुलते आले. खांद्यावर घोंगडं, पायांत करकरणाऱ्या वहाणा, अंगाला लोकरीचा आणि माळाचा वास. वाईट माणूस नव्हे. मला मांडीवर घेऊन गूळ-शेंगदाणे द्यायचे. पण पारूसाठी ते स्थळ घेऊन आले होते. "पोरगी शानी झाली म्हनं. आता शाळा पुरं. मान्सं चांगली हायेत, मेंढरं हायेत, दुसरं काय पायजे?"

थोरल्या भावापुढे आबांचा शब्द कधी फुटला नव्हता. दाराआडून, पदर डोक्यावर ओढून, आई म्हणाली, "शानी कशाची, दादा. दहा वर्साची हाय ती."

"मला सांगतीस? माज्या म्होरं जल्मली पोर."

"शाळंत लिवलंय तसं."

चुलते शाळेत आले. आम्ही सगळेच गेलो. पारू आणि मी भिंतीला टेकून उभ्या राहिलो, आणि माझा हात तिच्या हातात होता की तिचा माझ्या, ते आता सांगता येत नाही. बाईंनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे फिरवलं. चुलत्यांना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी बाईंनी दाखवलेल्या ओळीवर आपलं जाड बोट ठेवलं आणि बाईंनी नाव आणि तारीख वाचली.

"सरकारी दप्तर आहे," बाई म्हणाल्या. "यात दहा म्हणजे दहा. दहा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणार असाल तर मला वर कळवावं लागेल."

चुलत्यांचं बोट त्या ओळीवरून वरच्या ओळीवर गेलं. "आनि हे कुनाचं?"

"धाकटीचं. म्हणजे..." बाई थांबल्या. "हिच्या बहिणीचं."

"ते किती?"

"दहाच. जुळ्या आहेत."

चुलते वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पारूकडे, मग परत माझ्याकडे. माझ्या जन्माला ते होते, पारूच्याही होते. पारूला पाठुंगळी घेऊन माळ तुडवलेला माणूस तो. आबांनी डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजत होते. पारूचं लग्न झालं असतं तर शाळेत मी कुणाची मोठी राहणार होते?

चुलत्यांनी घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"जुळ्या," ते म्हणाले. "व्हय की. माज्या ध्येनातनंच गेलं."

जाताना त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. पुढे ते जिवंत असेपर्यंत त्यांनी ही गोष्ट पुन्हा काढली नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं तर आम्हाला दोन्ही बाजूंना घेऊन तेच सांगायचे, ह्या आमच्या जुळ्या.

पारू शाळेत टिकली. सातवी झाली, मग हायस्कूल, मग नर्सिंगला गेली. सगळं एका रजिस्टरातल्या ओळीच्या जोरावर, आणि एका बाईंच्या. पण त्या चित्रकलेच्या तासानंतर ती पुन्हा माझी धाकटी झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेत आली तेव्हा फाटकापाशी मी नेहमीसारखं तिचं बोट धरायला गेले, तर तिनंच माझं मनगट पकडलं आणि मला रस्ता ओलांडून नेलं. पिशवीही तिनंच घेतली. मधल्या सुट्टीत ती बायकांसारखी पायरीवर बसून माझ्या वेण्या घालायला लागली. मी सुटले होते, खरं तर. रडायची, पडायची, नाक बाहीला पुसायची मोकळीक मला मिळाली. पण कितीतरी दिवस मला माझ्या धाकट्या बहिणीची आठवण यायची, लपंडावात राज्य आलं की खदखदणाऱ्या त्या बहिणीची. ती शेजारीच असायची आणि तरीही आठवण यायची.

परवाच्या रविवारी तिच्याही दाखल्याची प्रत घेऊन मी एसटीनं नातेपुत्याला गेले. कागदावर आम्ही दोघी एकाच दिवशी निवृत्त होतोय, ती साठी ओलांडून आणि मी साठीच्या बऱ्याच अलीकडे. ती सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात असते. रविवार असूनही ड्यूटी होती. मी शेंगापोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन वॉर्डातल्या बाकावर बसले आणि तिचं काम बघत राहिले. डेटॉलचा, उकळल्या पाण्याचा आणि नव्या बाळांचा वास होता. तिकडच्या बोलीत ती बायांना दटावत होती, हसवत होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर मेंढपाळांच्या वाड्यावरून, म्हणजे रानातल्या तळावरून आलेली, मेंढरांमागे दिवाळीपासून घराबाहेर असलेली एक पोरसवदा बाई होती. पहाटे तिला लेक झाली होती. कठड्यावर घोंगडं टाकलेलं. पारू तिच्या बाळाचं कार्ड हातात घेऊन उभी होती.

"कदी झाली गं लेक?" पारूनं तिला विचारलं. तिच्या हातातल्या कार्डावर ते सगळं लिहिलेलंच होतं.

उत्तर सासूनं दिलं. "ऊन वर यायच्या आदी, सिस्टर. मेंढरं सोडायच्या वक्ताला."

"मेंढरं न्हाईत पुसली मी, मावशी. हिला बोलू द्या." ती त्या मुलीजवळ वाकली. "मगाशी सांगितलं न्हवं मी? तारीख काय, टाइम काय?"

मुलगी लाजली. मग तिनं हळूच तारीख सांगितली, महिना सांगितला. "सा वाजून... वीस मिन्टं."

"कार्ड हरवलं, भिजलं, तरी हे तुज्या डोक्यात ऱ्हायला पायजे. हिला हिचा दिवस असू दे. परत सांग."

मुलीनं सांगितलं.

"मोठ्यानं."

ती उशीला रेलून उठून बसली. लेकीला पोटाशी घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पहिल्यापासून परत सांगितलं.